झाडीपट्टीत दिग्दर्शनाचा पुरस्कार: मत दिग्दर्शकांनीच द्यावं का?

प्रॉम्प्टर, वडसा
अमेरिकेतली दिग्दर्शकांची संघटना, डिरेक्टर्स गिल्ड, 1948च्या चित्रपटांपासून दरवर्षी पुरस्कार देते. मत फक्त सभासदांचं. झाडीपट्टीतही, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या नाटकांच्या पट्ट्यातही, दिग्दर्शनाचा निवाडा दिग्दर्शकांनीच करावा, कारण इथलं दिग्दर्शन समोर बसून दिसत नाही. कलावंत नाइटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, येतात, तालमी मोजक्या, वाक्यं विंगेतून प्रॉम्प्टरनं पुरवायची. मागे वाड्याचा पडदा बदलायचा असतो, नायिकेला लुगडं बदलायचं असतं; तेवढ्यात पुढे विनोदी प्रवेश लावतात. तो लवकर संपला तर रंगमंच रिकामा पडतो, लांबला तर कथेचा ताण सुटतो. टाळ्या नटाला मिळतात. तो वेळ बांधणाऱ्याचं कसब त्याच्या धंद्यातल्या माणसालाच कळतं.

तबलजी, ब्रह्मपुरी
नाही पटलं जी. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. मंडईची जत्रा म्हना, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट म्हना, सारे नाटकं रात्रीच. एक दिग्दर्शक सिंदेवाहीले, दुसरा आरमोरीले, अन् दोघंही सकाळपर्यंत गुंतलेले. दुसऱ्याचं नाटक पाहाले जाईन कवा? सिनेमा घरी बसून पाहता येते, नाटक नाही. न पाहता मत देल्लं तं ते ओळखीवर जाईन. त्यात इथं दिग्दर्शकच बरेचदा नट असते, कंपनीचा मालकही असते.

प्रॉम्प्टर, वडसा
चित्रीकरण पाठवता येईल. होळीनंतर सगळे मोकळे असतात.

तबलजी, ब्रह्मपुरी
एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यात काय दिसन? नट वर टांगलेल्या माइकखाली आला का नाही, त्याचा आवाज शेवटच्या रांगेत गेला का नाही, हे मंडपात बसल्याबिगर समजत नाही. पात्रं माइक सोडून कोपऱ्यात उभी केली तं अर्धा संवाद बुडते. तो दोष दिग्दर्शकाचा, अन् चित्रीकरणात नेमका तोच लपते.

नेपथ्यवाला, मूल
तबलजींचा मुद्दा खरा आहे, पण उत्तरही त्यांच्याच जागेवर आहे. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवणारे हंगामात वेगवेगळ्या कंपन्यांसोबत बसतात, रात्रभर, रंगमंचाच्या अगदी जवळ. पडदा कुठे अडला, गाण्याची खूण उशिरा का आली, हे त्यांना कोणत्याही परीक्षकापेक्षा आधी कळतं. मत त्यांना द्या. आपण वाजवलेल्या कंपनीला मत देऊ नये, एवढी अट घालायची.

प्रॉम्प्टर, वडसा
ही अट घातली तर पाहिलेलीच नाटकं बाद होतात, दादा. वाजवणारा दुसऱ्या कंपनीचं नाटक वाजवल्याशिवाय पाहतो कुठे?

नेपथ्यवाला, मूल
बरोबर. मग अट उलटी करू: किमान तीन कंपन्यांसोबत वाजवलं असेल त्यालाच मत. आणि पुरस्कार अख्ख्या हंगामाला नको, एका प्रयोगाला द्यावा. अर्जात गाव आणि तारीख लिहायची. गिल्डही मालिकेच्या दिग्दर्शकाला एका भागासाठीच पुरस्कार देते.

तबलजी, ब्रह्मपुरी
हे चालन. पन गिल्डमंधी चित्रपटाच्या दिग्दर्शकासोबत त्याच्या सहाय्यकाइलेही मानचिन्ह भेटते. इथंही प्रॉम्प्टरचं नाव पुरस्काराच्या पाटीवर याले पायजे. तो अडला तं सारं नाटक अडते.