मदत हवी आहे: तीन फुटी हाफलिंगच्या हातात कुठला भाला द्यावा?

मंडळी, कोल्हापुरात आम्ही पाचजण दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळतोय. माझं पात्र हाफलिंग (खेळातली बुटकी जमात) फायटर, म्हणजे लढवय्या, उंची जेमतेम तीन फूट. मला लांब दांड्याचंच हत्यार पाहिजे, आणि घोडं तिथंच अडलंय.

आमचा डीएम (खेळ चालवणारा गडी) २०१४ चेच नियम चालवतो. त्यात ग्लेव्ह, हॅल्बर्ड, पाईक ही लांब दांड्याची हत्यारं सगळी 'हेवी', म्हणजे जड. लहान चणीच्या पात्रानं उचलली की दोन डी-२० (वीस बाजूंचे फासे) टाकायचे आणि कमी आकडा धरायचा. २०२४ च्या नियमांत उंचीची अट गेली, ताकद १३ असली की झालं. पण गडी ऐकेल तर शपथ! साधा भाला चालतो, पण पोच पाचच फूट. कुत्र्यावर बसून लान्स (स्वाराचा लांब भाला) वापरला, १० फूट पोच मिळाली, पण शत्रू अंगाला भिडला की परत तीच बोंब. शिवाय भुयारातल्या शिडीवरनं कुत्रं उतरवायचं कसं?

परवा पेठेत मर्दानी खेळाचा सराव बघत होतो. नऊ-दहा वर्षांची पोरगी, काठी तिच्यापेक्षा वीतभर उंच. मधोमध धरून अशी गरागरा फिरवत होती की बस्स! तिथंच विटा आठवला. दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा.

तर हा विटा खेळात कसा बसवू? डी-६ (सहा बाजूंचा फासा) नुकसान आणि १५ फूट पल्ला धरलाय. ओढून घ्यायला बोनस ॲक्शन (पाळीतली एक जादा कृती) लावू की फुकट ठेवू? फुकट म्हटलं तर डीएम खवळणार. कुणी असलं काही चालवून बघितलंय का?