प्रतिसाद: स्टेशनात स्टाफ नाही, मग तिकीट कोण बघतं?

वर कोणीतरी म्हटलंय की जपानमधल्या शिमोनादासारख्या समुद्रकाठच्या छोट्या रेल्वे स्टेशनात स्टाफच नाही तर लोक फुकटच जात असतील, तसं नाहीये. एहिमे प्रांतातल्या या लाईनवर एक-दोन डब्यांची गाडी असते, चढताना मशीनमधून नंबरची चिठ्ठी घ्यायची, पुढे बोर्डावर आपल्या नंबरखाली भाडं वाढत जातं, आणि उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत चिठ्ठी न् पैसे टाकायचे. म्हणजे तिकीट बघणारा ड्रायव्हरच. 1000 येनच्या नोटा आणि सुटे जवळ ठेवाच, मोठी नोट त्या मशीनला चालत नाही.

आणि शिमोनादाच्या फोटोत समुद्र अगदी प्लॅटफॉर्मला लागून दिसतो ना, ते 1935 ला स्टेशन झालं तेव्हा खरंच तसं होतं, नंतर भराव टाकून मधून हायवे काढला. तरी बाकावर बसलं की रस्ता खाली राहतो आणि समोर नुसतं पाणी, मी दोन गाड्या मुद्दाम सोडल्या तिथे.