फुटबॉल कोचिंगची डिग्री करू काय?

डावा_पाय: बेळगावची टिळकवाडी, बी.कॉम. शेवटचं वर्ष. संध्याकाळी लेले ग्राउंडवर पोरांना शिकवतो. खुणेला ठेवायचे प्लास्टिकचे शंकू नाहीत, चपला मांडून ड्रिब्लिंग (बॉल पायाशी ठेवून पळणं). लंडनला वेम्ब्लीत फुटबॉल कोचिंग आणि मॅनेजमेंटची डिग्री मिळते. बाबा म्हणतात, शेत विकून बॉल शिकणार काय? सांगा की ओ.

खानापूरकर: शेताला हात लावू नको मर्दा. आधी एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) कोचिंगचं डी लायसन्स काढ, मग सी, बी, ए. कोचला पहिलं लायसन्सच विचारतात.

जुना_गोलकीपर: खरं हाय. पण स्पॉन्सर, बजेट, पोरांच्या आईबापांशी बोलणं? ते डिग्रीत येतं. (आईबाप जास्त अवघड!)

डावा_पाय: आणि पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंगचा डिप्लोमा?

खानापूरकर: सरकारी कोच व्हायचं असेल तर तोच बघ की.