जुन्या बाइकच्या डिस्कला भोकं पाडण्याचे अनुभव

जुनंलोखंड:
भोसरीतल्या एका गॅरेजात टेबलावर होंडा सीबी७५०ची जुनी सपाट ब्रेक डिस्क पडलेली दिसली आणि पूर्वीचं सगळं ड्रिलकाम आठवलं, म्हणून धागा काढतोय. १९६९ला आलेली गाडी, पुढे हायड्रॉलिक डिस्क, ७ मिमी जाड, स्टेनलेस. कोरड्यात ठीक. पावसात लिव्हर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम पकडते, कारण पॅड आणि डिस्कमध्ये पाण्याचा थर अडकलेला असतो. भोकांचा खरा उपयोग तिथे. कडा पाणी पुसून काढतात. वजनासाठी करत असाल तर करू नका: ६ मिमीच्या एका भोकाने दीड ग्रॅम जातं, म्हणजे ६० भोकांना ९० ग्रॅमच्या आसपास.
ज्यांनी केलंय त्यांनी ड्रिल, आरपीएम, पॅटर्न सगळं लिहा.

टर्नर_शिरोली:
आधी मायक्रोमीटर. सहा जागी मोजा. नवी ७, मर्यादा ५.५. सहाच्या खाली आलेलीला हात लावू नका, भोकं पाडून वर्षभरात भंगारात टाकावी लागेल. मग डायल गेज लावा. रनआउट (डिस्क फिरताना बाजूला होणारी डुलणी) ०.३ मिमीच्या वर असेल तर भोकांनी तो जाणार नाही.

पॅटर्न: १२ गट, दर ३० अंशांवर एक, गटात ५ भोकं. पाचही वेगळ्या पीसीडीवर (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात ते), दोन पीसीडींत साधारण ६ मिमी आणि प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा ५ अंश पुढे. म्हणजे दोन भोकांमध्ये ६ मिमीच्या आसपास धातू उरतो. बाहेरच्या कडेपाशीही तेवढाच ठेवा. एका रेषेत केंद्राकडे जाणारी रांग कधीच नको, चीर त्याच वाटेने जाते. पाच पीसीडी मिळून पॅडची पूर्ण रुंदी झाकली जाते ना हे बघा, नाहीतर पॅडवर नाळी पडतात.

ओला_घाट:
हँड ड्रिलने होईल का? पिलर ड्रिल नाहीये

टर्नर_शिरोली:
नाही. भोक तिरकं जातं आणि ड्रिल तुटतं. जवळच्या एमआयडीसीत कुणाकडेही रोटरी टेबल (अंश मोजून फिरवता येणारं) मिळेल, भोकांच्या जागा आखलेलं टेम्प्लेट घेऊन जा.
साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल या स्टेनलेसवर घसरतं. एम३५ कोबाल्ट, १३५ अंशी टोक. ६ मिमीला ५०० आरपीएमच्या आसपास, कटिंग ऑइल सतत, दाब सोडायचा नाही. ड्रिल जागच्या जागी घासत राहिलं की तो भाग चकचकीत आणि कडक होतो, मग नवं ड्रिलही धरत नाही. चिप लांब, वळलेली यायला हवी; भुकटी यायला लागली की धार गेली. खाली सपाट ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा, आरपार निघताना बर (कडेला उरणारी खरबरीत धार) कमी येते.

नागदेवी_फेरी:
कोबाल्ट ड्रिल मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुटी मिळतात. चार-पाच घ्याच, एकात साठ भोकं होत नाहीत

येझदीप्रेमी:
विषयाला सोडून आहे पण रोडकिंगच्या ड्रमच्या प्लेटला हवेसाठी भोकं पाडलेली चालतात का?

जुनंलोखंड:
@येझदीप्रेमी पावसात पाणी सरळ लायनिंगवर जाईल आणि ड्रम सुकेपर्यंत ब्रेक गेलाच समजा. जाळी लावली तरी धूळ थांबते, पाणी नाही. त्यापेक्षा शूज ड्रमच्या मापाला टर्न करून घ्या, पूर्ण टेकले की फरक लगेच कळतो.

येझदीप्रेमी:
धन्यवाद दादा 🙏

इटालियन_जुनी:
ओतीव लोखंडाची डिस्क असेल तर जपून. ड्रिल लोण्यासारखं जातं, पण तापणं-थंड होणं चालू राहिलं की भोकाच्या कडेपासून बारीक चीर निघते. डोळ्यांना दिसत नाही. डाय पेनिट्रंटचा स्प्रे मारून बघा: लाल डाय, दहा मिनिटं थांबा, पुसा, वरून पांढरा डेव्हलपर. लाल रेघ आली तर डिस्क काढून टाका, वेल्डिंग वगैरे नको.

मीनल_सीबी:
कुणी ग्राइंडिंगचं लिहिलं नाही. वाकडी डिस्क सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटवर ठेवली की मॅग्नेट तिला ओढून सपाट करतो, ग्राइंडिंगही सपाट होतं, मॅग्नेट बंद केला की परत वाकडी. खाली शिम (पातळ पट्ट्या) भरून मगच मॅग्नेट लावायला सांगा, आणि दोन्ही बाजू आलटून पालटून, थोडं थोडं. भोकं आधी, ग्राइंडिंग नंतर.

आणि ब्रेक कडक लागत असेल तर आधी मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी तेलाचा दाब तयार करणारा) बघा. सिंगल डिस्कला १४ मिमीचा असतो, त्याजागी १२.७ बसवला तर तेवढ्याच जोरात दाब २१ टक्के वाढतो. लिव्हर तेवढा जास्त आत येतो, म्हणून जुना रबरी होज काढून स्टील ब्रेडेड घाला. माझ्या मते हे भोकांच्या आधी करायचं काम आहे.

ओला_घाट:
भोकाच्या कडेला चॅम्फर (उतार) किती ठेवायचा?

टर्नर_शिरोली:
९० अंशी काउंटरसिंक, अर्धा मिमी, दोन्ही बाजूंनी. ग्राइंडिंग झाल्यावर परत एकदा, कारण धार पुन्हा येते. ती राहिली तर पॅड किसून काढते आणि चीरही तिथूनच सुरू होते. शेवटी प्रत्येक भोकातून ब्रेक क्लीनर मारा, आत तेल राहिलं तर नवे पॅड पहिल्याच दिवशी खराब. जुने पॅड परत लावू नका.