मदत हवी आहे: चवथीच्या सुट्टीनंतर कोल्ड रोलिंगच्या पट्टीवर ओरखडे

मंडळी, गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान री-रोलिंग कारखान्यात शिफ्टला आहे. फोर-हाय रिव्हर्सिंग मिल (एकावर एक चार रोल, पट्टी न तापवता मागे-पुढे नेत दाबून पातळ करणारी), माइल्ड स्टीलची पट्टी, २ मिमीवरून चार पासांत ०.८ मिमी.

चवथीला ५ दिवस मिल बंद, पंपही बंद. परत येऊन इमल्शनच्या (पाण्यात कालवलेलं रोलिंगचं तेल) टाकीचं झाकण उघडलं तर कुजक्या अंड्यांचा वास. गणपतीवर टांगलेल्या माटोळीतली फळं विसरून राहिली तरी एवढी घाण येत नाही! दुधासारखं पांढरं इमल्शन करडं पडलंय, वर तवंग. पहिले दोन पास नीट जातात, पण तिसऱ्यापासून पट्टीवर लांबट ओरखडे येतात आणि लोडही चढतो. रोल बदलले, नोझल साफ केले, फरक शून्य. तेलाचा टक्का मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मात्र नेहमीसारखाच ४ टक्के दाखवतो. इथेच डोकं चालेना.

साहेब म्हणतात, तेल ओतून ६ टक्क्यांवर न्या. मला भीती, फार निसरडं झालं तर पट्टीच घसरेल. काय करू?

जुना फिटर: रिफ्रॅक्टोमीटरला तेल कुठलं ते कळत नाही हो. हायड्रॉलिक तेल गळून मिसळलं तरी तो टक्का दाखवतो. रोलिंगच्या तेलात चरबीची एस्टरं असतात, दाबाखाली पट्टीला तीच धरून राहतात. हायड्रॉलिक तेल बहुधा नुसतं खनिज तेल. ते वाढलं की आकडा तोच, वंगणाचा कस खाली. सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू (तेलात चरबीची एस्टरं किती ते सांगणारा आकडा) तपासा, ती उतरलेली असेल तर चोर सापडला.

घसरण्याची भीतीही रास्त आहे. रोलच्या पकडीत एका जागी पट्टीचा आणि रोलचा वेग सारखा असतो, तो न्यूट्रल पॉइंट. घर्षण घटलं की तो बाहेर पडायच्या बाजूला सरकतो आणि पार निसटला की रोल नुसतेच फिरतात.

धागाकर्ता: हायड्रॉलिकची टाकी महिन्यात दोनदा भरलीय, म्हणे ४० लिटर! मी सुट्टीवरच खापर फोडत होतो. एका सिलिंडरचा सील गळतोय.

तेलपाणी: सुट्टीही निर्दोष नाही. तवंगाखाली हवा पोचत नाही, मग सल्फेट खाणारे जंतू वाढतात, वास त्यांचाच. तो हायड्रोजन सल्फाइड, टाकीत डोकं घालून बघत बसू नका. आधी सील, मग स्किमरने (वरचं तेल खरवडून घेणारं यंत्र) तवंग काढा, जंतुनाशक त्यानंतर. तवंगावर ओतलेलं औषध आणि नवं तेल दोन्ही फुकट. आणि पुढच्या चवथीला पंप रोज थोडा वेळ फिरता ठेवा, वॉचमनला सांगून.

धागाकर्ता: सील आजच काढतो. सॅपोनिफिकेशनची तपासणी गोव्यात कुठे होते?

जुना फिटर: रोलिंगचं तेल देणाऱ्यालाच बाटलीभर नमुना पाठवा. बहुतेक जण करून देतात.