प्रस्थापितांना उखडता येते का? हातकणंगल्याच्या निमित्ताने

पंचगंगाकाठ (मूळ लेख)
2009 मध्ये ऊस उत्पादकांचे नेते राजू शेट्टी यांनी शेतकऱ्यांच्या वर्गणीवर कोल्हापूर भागातल्या हातकणंगल्यातून लोकसभा लढवून तत्कालीन खासदार निवेदिता माने यांचा पराभव केला, तेव्हा प्रस्थापितांचे दिवस भरले असे आमच्या भागात अनेकांना वाटले होते. 2019 मध्ये निवेदिता माने यांचेच चिरंजीव धैर्यशील माने यांनी शेट्टींना हरवले आणि 2024 मध्ये जागा राखलीही. मधल्या काळात घराण्याने राष्ट्रवादी सोडून शिवसेना धरली, एवढाच काय तो फरक पडला.

माझ्या निराशेचे कारण मात्र या निकालांपेक्षा खोल आहे. पीककर्ज गावच्या विकास सोसायटीमार्फत मिळते, सोसायटी ज्याच्या नावे ठराव करते तो जिल्हा बँकेचा मतदार होतो, आणि अशा ठरावधारकांच्या मतांवर आलेले संचालक साखर कारखान्यांना कर्ज देतात. खासदार बदलला तरी ही साखळी हलत नाही. निवडणुकीआधी ठरावधारकांना सहलीला नेण्याची प्रथा तर आता कोणी लपवतही नाही.

बांधावरून
सत्तेतून उखडणे हीच कसोटी मानली, तर निराशेखेरीज काही हाती लागणार नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 नुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे दिले पाहिजेत, अन्यथा 15 टक्के व्याज द्यावे लागते. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपीचे, म्हणजे उसाला द्यायच्या किमान कायदेशीर दराचे, दोन तुकडे करण्याची मुभा कारखान्यांना दिली. शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. तेव्हा ते आमदारही नव्हते आणि खासदारही नव्हते. घराणे जागेवर राहिले तरी त्याचे हात बांधता येतात, हे यातून दिसत नाही काय?

पंचगंगाकाठ
निकाल महत्त्वाचा आहे, हे मान्य. परंतु पैशांचा प्रश्न ऊस तुटल्यानंतर येतो. कारखान्याच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलमधून अर्ज भरणाऱ्याच्या उसाची नोंद असते, तरी ऊसतोड मजुरांची टोळी येत नाही. चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहतो, उसाला तुरे येतात आणि वजन घटते. शेवटी मार्चमध्ये खुशाली, म्हणजे वरकड पैसे, देऊन टोळी आणावी लागते, ती फड पेटवूनच तोडते, आणि वर जळीत उसाची कपात त्याच्याच माथी बसते. यातल्या कशाचीही कागदोपत्री तक्रार होत नाही, मग न्यायालय काय करणार?

कोरडवाहू
दोघेही एक गोष्ट टाळत आहात. शेट्टी 2014 मध्ये भाजपच्या आघाडीत होते आणि 2019 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत, म्हणजे ज्या कारखानदारांविरुद्ध रान पेटवले त्यांच्याच पंक्तीला, जाऊन बसले. मतदाराने ते पाहिले. पराभवाचे सगळे खापर साखळीवर फोडणे मला तरी सोयीचे वाटते.

बांधावरून
आघाड्यांबाबत सहमत. पंचगंगाकाठ यांनी वर्णिलेल्या अडवणुकीवर मात्र उपाय आहे. झोनबंदी, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची सक्ती, उठली असली, तरी दोन कारखान्यांमध्ये 25 किलोमीटर हवाई अंतराची राज्याची अट कायम आहे. केंद्राची अट 15 किलोमीटरचीच आहे. ती शिथिल करा, म्हणजे उसाला दुसरे दार मिळेल आणि एका चिटबॉयच्या मर्जीवर कोणाचा फड अडणार नाही.

पंचगंगाकाठ
अट जरूर शिथिल करावी. परंतु नवा कारखाना उभारायला भांडवल आणि बँकेची पत आज कोणाकडे आहे, हेही सांगावे. आमच्या भागातले खासगी कारखाने पाहिले, तर सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळातलीच आडनावे तिथे सापडतात.