खोडाभोवती माती तरी सोडा
शहरातला उकाडा कमी करायला फुटपाथ रुंद करून दोन्हीकडे झाडं लावा, ही सूचना शंभर टक्के मान्य, पण नुसती रोपं खोचून भागत नाही हो, खोडाला चिकटून काँक्रीट ओततात मग पाणी मुरणार कुठून आणि मुळं पसरणार कुठे? असं झाड खुरटतं नाहीतर वादळात आडवं होतं. सावलीत डांबर कमी तापतं म्हणजे रात्री उष्णता कमी सोडतं, शिवाय पानांतून बाष्प निघतं त्यानेही हवा गार होते. कोलंबियातल्या मेडेयीन शहराने २०१६ पासून रस्ते आणि ओढ्यांकाठी ३० हरित पट्टे केले, तिथलं तापमान साधारण २ अंशांनी उतरलं. पण त्यांनी झाडं जगवायला माणसं शिकवून तयार केली! लागवडीच्या बजेटमध्येच पुढच्या काही वर्षांचं पाणी आणि माळी धरायलाच हवेत.